दिवा विझतो, ऑइल तेच राहते

मोटारीच्या इंजिनातील ऑइल ठरावीक काळाने का बदलावे लागते? ‘ते काळे पडते म्हणून’, असे उत्तर वर्गात हमखास मिळते. पण काळेपणा हे लक्षण झाले. कारण समजण्यासाठी थोडे मागे जाऊ.

1883 साली इंग्लंडमध्ये बीचम टॉवर हा अभियंता बेअरिंगमधील घर्षणावर प्रयोग करीत होता. तेल सोडण्यासाठी त्याने बेअरिंगला वरून भोक पाडले. दांडा फिरू लागताच त्या भोकातून तेल उलट वर येऊ लागले. त्याने लाकडी बूच ठोकले, तर तेही बाहेर ढकलले गेले! तेलावर प्रचंड दाब निर्माण होत होता. 1886 साली ऑस्बर्न रेनॉल्ड्स याने त्याचे गणित मांडले. फिरणारा दांडा तेलाला निमुळत्या फटीत ओढून नेतो. तेथे दाब वाढतो आणि दांडा तेलाच्या पातळ थरावर उचलला जातो. धातू धातूला टेकतच नाही.

हा थर टिकणे तेलाच्या दाटपणावर अवलंबून असते. म्हणून 1911 साली अमेरिकेतील मोटार अभियंत्यांच्या संस्थेने, म्हणजे ‘एसएई’ने, ऑइलची दाटपणानुसार प्रतवारी केली. डब्यावरील ‘एसएई 40’ हा आकडा त्याच परंपरेतला. मात्र काजळी, न जळलेले इंधन व पाणी मिसळून ऑइल बिघडत जाते. 1920 च्या दशकात फिल्टर आला. पुढे काजळी तरंगत ठेवणारी रसायने ऑइलमध्ये घालू लागले. चांगले ऑइल लवकर काळे दिसते ते यामुळेच! पण फिल्टर चोंदत जातो, रसायने खर्च होतात, आणि मग ऑइल बदलावेच लागते.

स्पोर्ट्स कारमध्ये आणखी एक अडचण असते. वेगाने वळताना चेंबरमधील ऑइल एका बाजूला जाते व पंप हवा ओढतो. 1963 साली लोकांसमोर आलेल्या पोर्श 911 मध्ये म्हणून ऑइलची टाकी वेगळी ठेवली होती. तिची पातळी सपाट जागी, इंजिन गरम व चालू असताना पाहावी लागे. गाडी थंड असताना पाहणाऱ्याला पातळी कमी दिसे, आणि तो नको इतके ऑइल भरून बसे.

घरी ऑइल बदलणाऱ्याला हे सारे ठाऊक असावे लागे. इंजिन कोमट करायचे, नट काढून ऑइल गाळायचे, नवा वायसर व फिल्टर बसवायचा, मोजून ऑइल भरायचे, पातळी पाहायची. 1980 च्या दशकात काही गाड्यांत सर्व्हिसिंगची आठवण देणारा दिवा आला. तो ऑइलची परीक्षा करीत नसे. इंजिनाचे फेरे, तापमान यांवरून ‘आता बिघडले असावे’ असा हिशेब तो मांडी. काम झाल्यावर हा हिशेब पुन्हा शून्यापासून सुरू करायचा, यालाच ‘रिसेट’ म्हणतात.

येथेच धोका आहे. ऑइल न बदलता रिसेट केले तरी दिवा विझतो. बेअरिंगमधील थर मात्र दुबळाच राहतो. गळलेले ऑइल गटारात ओतले तरी दिवा तक्रार करीत नाही. ते बंद डब्यात भरून पुनर्वापरासाठी देणे ही जबाबदारी माणसाचीच.

मोजमाप आणि मोजायची वस्तू यांत फरक असतो. विद्यार्थ्यांना तो समजावून देताना गुणपत्रिकेचे उदाहरणही शिक्षकांना सहज सुचेल.