त्यांना कोणी विचारलं?

टपाल कचेरीतली पाळी संपवून तुम्ही निघाला आहात. ऑगस्ट १९६१, अमेरिकेतलं न्यू हेवन शहर. उकाड्याने सदरा पाठीला चिकटलाय. खिशात वर्तमानपत्रातून कापलेली जाहिरात आहे: स्मरणशक्तीच्या अभ्यासासाठी शहरातले पाचशे पुरुष हवेत, तासाभराचे चार डॉलर, जाण्यायेण्याचे पन्नास सेंट वेगळे. चार डॉलर काही फार नव्हेत, पण येल विद्यापीठ म्हणजे येल विद्यापीठ. इतकी वर्षं या गावात राहून त्या दगडी कमानीखालून तुम्ही आज पहिल्यांदाच आत जाताय.

लिन्सली-चिटेंडन हॉल. करडा डगला घातलेला एक तरुण माणूस तुमचं नाव विचारतो. त्याच्या चेहऱ्यावर हसू नाही, रागही नाही. आत आणखी एक जण बसलाय, पन्नाशीला टेकलेला, बोलायला गोड. तोही जाहिरात वाचूनच आला असणार. डगलेवाला पैसे आधीच हातात ठेवतो आणि सांगतो, हे तुम्ही आल्याबद्दलचे आहेत, पुढे काहीही झालं तरी ते तुमचेच. तुम्हाला बरं वाटतं. माणसं सचोटीची दिसतात.

मग चिठ्ठ्या. एकाने शिक्षक व्हायचं, दुसऱ्याने विद्यार्थी. तुम्ही उचललेल्या चिठ्ठीवर 'शिक्षक' लिहिलंय. दुसऱ्या चिठ्ठीवरही 'शिक्षक'च लिहिलंय, पण ती तुम्हाला कोणी दाखवत नाही. तो गोड बोलणारा माणूस त्यांचाच आहे. फसवणूक इथे, या कागदाच्या कपट्यापासून सुरू झाली आहे, आणि तुम्ही मान डोलावून खुर्ची पुढे ओढताय.

शेजारच्या खोलीत त्याला पट्ट्यांनी खुर्चीला बांधतात. मनगटाला मलम लावून तार जोडतात. तुमच्यासमोर एक लांबट यंत्र आहे, त्यावर तीस कळा ओळीने. पहिली १५ व्होल्टची, शेवटची ४५० ची. खाली पट्ट्या लावल्यात: सौम्य धक्का, मध्यम धक्का, पुढे धोक्याचा इशारा, आणि शेवटच्या दोन कळांखाली शब्दही नाही, नुसत्या तीन फुल्या. तुम्हाला खात्री पटावी म्हणून तुमच्याच मनगटाला ४५ व्होल्टचा एक झटका देतात. हात आपोआप मागे येतो.

तुम्ही शब्दांच्या जोड्या वाचायच्या. त्याने चुकीचा जोडीदार सांगितला की एक कळ. पुढची चूक, पुढची कळ. मराठीत यंत्राची कळ आणि दुखण्याची कळ एकाच शब्दात मावतात. इकडे कळ दाबायची, तिकडे कळ उठायची. तुमच्या बोटापासून त्याच्या मनगटापर्यंतचा सगळा प्रयोग या एका शब्दात आहे.

७५. १०५. १५०. दर वेळी लाल दिवा लागतो, गुणगुणल्यासारखा आवाज होतो. तुमच्या तळव्यांना घाम सुटलाय. तुम्ही मान वळवून डगलेवाल्याकडे बघता. तो सपाट आवाजात सांगतो, पुढे चालू ठेवा. २२५. २७०. तुम्हाला हसू येतंय, आणि का येतंय ते कळत नाही, आवरतही नाही. ३०० ची कळ दाबता आणि भिंतीवर धाडधाड मुठी आपटतात. शेजारची खोली हादरल्यासारखी वाटते. पुढच्या प्रश्नाला उत्तर येत नाही. उत्तर नाही म्हणजे चूकच धरायची, डगलेवाला सांगतो. ३१५. पुन्हा मुठी. त्यानंतर काहीच नाही. बघा ना आत जाऊन, तुम्ही म्हणता. तो म्हणतो, प्रयोगासाठी पुढे जाणं गरजेचं आहे. तुम्ही खुर्चीतून अर्धे उठता. तो म्हणतो, तुम्हाला दुसरा पर्यायच नाही.

दाराला कुलूप नाही. तुम्हाला ते माहीत आहे.

इथे थांबा. बोट कळीवर असू दे, खाली नेऊ नका.

या खोलीतून गेलेला प्रत्येक वाचक पुढे एकच प्रश्न विचारतो: मी काय केलं असतं? पहिल्या फेरीतल्या चाळीस पुरुषांपैकी सव्वीस जण शेवटच्या कळीपर्यंत गेले. ३०० च्या आधी एकही थांबला नाही. भिंतीतल्या एकतर्फी आरशापलीकडे उभा असलेला अठ्ठाविशीचा मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्राम हाच आकडा टिपतोय. त्याच वर्षी जेरुसलेममध्ये नाझी अधिकारी आइकमनवर खटला चालू आहे. ज्यू घरात वाढलेल्या मिलग्रामला, साधी माणसं हुकमावरून काय काय करतात, हे जाणायचं आहे. प्रश्न खरा आहे, त्यामागची वेदनाही खरी आहे. मला ते नाकारायचं नाही. पण मला या खोलीत दुसराच प्रश्न छळतो. तुम्ही स्मरणशक्तीच्या अभ्यासाला आला होतात. आपण एका माणसाला मारून टाकलं असावं, अशी भीती घेऊन बसायला तुम्ही कधी 'हो' म्हणालात? तुम्हाला कोणी विचारलं होतं?

पलीकडच्या माणसाला एकही झटका बसलेला नाही. यंत्र खोटं, मुठी ठरवून आपटलेल्या. त्या खोलीत खरोखर दुखलं ते फक्त तुम्हाला.

आणि हे सगळं लिहून ठेवलं गेलं. १९६३ च्या शोधनिबंधात मिलग्रामने स्वतःच नोंदवलंय: चौदा जणांना आवरता न येणारं हसू आलं, तिघांना तर झटके येऊन अंग आवरेना. प्रयोग संपल्यावर तो 'विद्यार्थी' हसत बाहेर येऊन तुमच्याशी हात मिळवतो. मात्र यंत्रच खोटं होतं हे पुष्कळ जणांना त्या संध्याकाळी सांगितलंच नाही. ते महिन्यांनी, टपालाने आलेल्या अहवालातून त्यांना कळलं. तोवरच्या रात्री त्यांनी कशा काढल्या असतील? टपाल कचेरीत बसून पत्रं वेगळी करताना तुमच्या कानात त्या मुठी वाजत राहतात.

आता चौदा वर्षं मागे या. ऑगस्ट १९४७, न्युरेंबर्ग. छळछावण्यांतल्या कैद्यांवर प्रयोग करणाऱ्या नाझी डॉक्टरांच्या खटल्याचा निकाल वाचला जातोय आणि तुम्ही मागच्या बाकावर बसला आहात. निकालपत्रात दहा कलमं आहेत. पहिलंच कलम सांगतं की ज्याच्यावर प्रयोग करायचा त्याची स्वेच्छेने दिलेली संमती अनिवार्य आहे. पुढे आणखी एक: त्याला प्रयोग मध्येच थांबवता आला पाहिजे. मिलग्रामच्या खोलीत नेमकं याच दोन कलमांवर पाय पडला. ज्या अत्याचारांचं मूळ शोधायला तो निघाला होता, त्याच अत्याचारांतून ती कलमं जन्माला आली होती. हे मला कितीही वेळा वाचलं तरी पचत नाही.

आणखी मागे, पण इथे फार थांबायचं नाही, थांबवत नाही. १९२० च्या आसपास बाल्टिमोरमध्ये जॉन्स हॉपकिन्सची एक खोली. गादीवर अकरा महिन्यांचं गुटगुटीत बाळ बसलंय. त्याच्यापुढे पांढरा उंदीर सोडतात, ते हात लावायला जातं, आणि जॉन वॉटसन व रोझली रेनर यांच्या प्रयोगात त्याच्या डोक्यामागे पोलादी दांड्यावर हातोडा बसतो. पुन्हा. पुन्हा. काही दिवसांनी उंदीर नुसता दिसला तरी बाळ रडत रांगत सुटतं. मग सशालाही घाबरतं, केसाळ कोटालाही. ती भीती काढून टाकण्याआधीच बाळ तिथून गेलं. त्याची आई त्याच आवारातल्या मुलांच्या रुग्णालयात दाई होती, दुसऱ्यांच्या बाळांना दूध पाजत होती. मालकाला नोकर 'नाही' म्हणू शकतो का, हा प्रश्न संमतीच्या कुठल्याही कागदाच्या आधीचा आहे.

आता मॅडिसन, विस्कॉन्सिन. इथे तुम्ही माणूस नाही.

तुमची आई उत्तर भारतातली असेल, किंवा तिची आई. लाल तोंडाची माकडं. आपल्याकडे सातपुड्याच्या पलीकडे ज्यांचे कळप देवळांभोवती दिसतात ती. पन्नासच्या दशकात भारतातून लाखावारी माकडं पिंजऱ्यांत भरून परदेशी गेली, बहुतेक पोलिओच्या लशीसाठी, काही अशा प्रयोगशाळांसाठी. वाटेत ती आजारी पडत. म्हणून मानसशास्त्रज्ञ हॅरी हार्लो यांनी प्रयोगशाळेतच पैदास सुरू केली, आणि रोग लागू नये म्हणून पिल्लं जन्मल्यावर काही तासांतच आईपासून वेगळी केली. तुम्ही अशांपैकी एक आहात. पिंजऱ्याच्या तळाला मऊ फडकं अंथरलंय. साफसफाईसाठी ते काढायला आले की तुम्ही किंचाळता, दोन्ही मुठींत ते धरून ठेवता. हे बघूनच हार्लोंना प्रयोग सुचला.

दोन आया. एक तारेची, तिच्या छातीशी दुधाची बाटली. दुसरी मऊ कापड गुंडाळलेली, तिच्याकडे दूध नाही. तुम्ही तारेवर चढता, पोटापुरतं पिता, आणि लगेच कापडावर. दिवसच्या दिवस तिथे. १९५८ साली अमेरिकन मानसशास्त्र संघाच्या अध्यक्षपदावरून हार्लोंनी या निष्कर्षावर भाषण केलं. बाळाला कुशीत घेतलं तर ते बिघडतं, असं त्याआधी तज्ज्ञ सांगत होते. आजारी मुलांना आईवडलांपासून दूर ठेवणारी रुग्णालयं होती. त्या पिल्लाच्या मुठीतल्या फडक्याने ते बदलायला मदत झाली. हे ऋण मोठं आहे, आणि ते फेडण्याचा एकच मार्ग मला दिसतो, ते कोणाचं होतं हे न विसरण्याचा.

लहानपणी तुम्ही बिरबलाची गोष्ट ऐकली आहे. बादशहा विचारतो, जगात सर्वांत प्रिय काय? बिरबल हौदात माकडीण आणि तिचं पिल्लू सोडतो, पाणी भरायला लावतो. पाणी नाकाशी आल्यावर माकडीण पिल्लाला पायाखाली घेऊन उभी राहते. जिवापेक्षा प्यारं काही नाही, असं आजी सांगायची, आणि आपण मान डोलवायचो. हौद भरायचा हक्क कोणी दिला, असं मीही कधी विचारलं नाही. गोष्ट आवडली होती.

मॅडिसनमध्ये हौद भरतच राहिला. कापडाची आई पुरेशी नव्हती. पिल्लांना तीन महिने, सहा महिने, वर्षभर एकटं ठेवलं. बाहेर आल्यावर ती स्वतःला कवटाळून डुलत बसत, काही स्वतःलाच चावत. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला पोलादी पन्हळीसारखं एक उभं पात्र आलं, खाली निमुळतं होत गेलेलं. तुम्हाला त्यात सोडतात. सुरुवातीला चढायचा प्रयत्न करता, पाय घसरतात. दोनतीन दिवसांनी प्रयत्न थांबतो. आठवडे जातात. तुम्ही तळाशी बसून राहता. माणसाचा विषाद समजावा म्हणून हे चाललं होतं, आणि हार्लो स्वतः त्या काळात विषादाने आजारी होते. त्यांचं दुःख मला कळतं. पण एकटं पडलेलं पिल्लू उद्ध्वस्त होतं हे पहिल्या काही पिंजऱ्यांतच दिसलं होतं. त्यानंतरच्या पिंजऱ्यांना माझ्यापाशी क्षमा नाही. हार्लोंचा विद्यार्थी जॉन ग्लक पुढे प्राण्यांच्या प्रयोगांवरच्या नीतिविचाराकडे वळला. त्या प्रयोगशाळेतून आलेला माणूस नीतीबद्दल बोलतो तेव्हा ते ऐकलं पाहिजे.

माकडाला विचारता येत नाही. म्हणून त्याच्या वतीने दुसऱ्या कोणी तरी विचारायला हवं. १९५९ मध्येच, हार्लोंच्या भाषणानंतर वर्षभरात, इंग्लंडमध्ये रसेल आणि बर्च या शास्त्रज्ञांनी प्रश्न घालून दिले होते: प्राण्याशिवाय हे कळेल का? कमी प्राण्यांत भागेल का? त्यांचा त्रास कमी करता येईल का? अमेरिकी कायद्यात माकडांच्या मानसिक स्वास्थ्याचा उल्लेख यायला १९८५ उजाडलं. भारताने लाल तोंडाच्या माकडांची निर्यात १९७८ मध्ये बंद केली. आज आपल्याकडे प्राण्यांवर प्रयोग करणाऱ्या संस्थेला आधी स्वतःच्या नीतिसमितीपुढे जावं लागतं.

माणसांच्या बाजूने पहिला खडा सवाल मानसशास्त्राच्या आतूनच आला. १९६४ मध्ये डायना बॉमरिंड यांनी लिहिलं की प्रयोगशाळेत आलेला माणूस विश्वास टाकून आलेला असतो, आणि त्या विश्वासाला इजा झाली तर ती इजाच आहे. मिलग्रामने आकड्याने उत्तर दिलं: नंतर विचारलं तेव्हा चौऱ्याऐंशी टक्के लोक भाग घेतल्याबद्दल खूश होते. असतीलही. लग्न लागल्यावर मुलीला पसंती विचारली तर ती बहुधा 'हो'च म्हणते, म्हणून आधी विचारायची गरज संपत नाही.

नियम मात्र एका वेगळ्या जखमेवर उभे राहिले. अलाबामातल्या टस्कीगीमध्ये उपदंश झालेल्या कृष्णवर्णीय पुरुषांना सरकारी आरोग्यखात्याने १९३२ पासून चाळीस वर्षं उपचारांविना ठेवून नुसतं निरखलं. पेनिसिलिन आलं तरी दिलं नाही. १९७२ मध्ये हे वर्तमानपत्रांत आलं, दोन वर्षांत कायदा झाला, आणि १९७९ च्या बेलमाँट अहवालाने तीन गोष्टी मांडल्या: माणसाचा मान राखा, त्याचं भलं बघा, आणि ओझं नेहमी गरिबाच्याच खांद्यावर टाकू नका.

आता परत या. आपल्याकडच्या एखाद्या महाविद्यालयातली दुपार, पंखा करकरतोय, मानसशास्त्राचं प्रात्यक्षिक आहे. वहीवर 'प्रयोगकर्ता' आणि 'प्रयुक्त' अशी दोन नावं लिहायची जुनी पद्धत. प्रयुक्त म्हणजे वापरला गेलेला. अलीकडे 'सहभागी' असं लिहू लागलेत, आणि या एका शब्दाच्या बदलाला साठ-सत्तर वर्षं आणि किती पिंजरे लागले ते तुम्ही आत्ताच बघून आलात.

प्रयोग स्मरणशक्तीचाच आहे. समोरची मुलगी एकोणीस-वीस वर्षांची असेल. ती कागद तुमच्याकडे न सरकवता आधी वाचून दाखवते, मराठीत, न अडखळता: काय करायचं आहे, किती वेळ लागेल, तुमचं नाव कुठे येणार नाही. "आणि काका, तुम्हाला मध्येच नको वाटलं तर उठून जा. का, ते सांगायची गरज नाही."

तुमच्या मनगटावर ४५ व्होल्टची ती जागा अजून हुळहुळते. तुम्ही तिच्या तोंडाकडे बघता. ती पेन पुढे करत नाही. हात मांडीवर ठेवून तुमच्या उत्तराची वाट बघते.