दुसरा रिमोट

आमच्या गावात पहिला व्हिडिओ गेम आला तो औंढ्याच्या यात्रेतून. तारीख मला पक्की सांगता येते, कारण त्या दिवशी महाशिवरात्र होती. शनिवार, ४ मार्च २०००. हिंगोली जिल्हा होऊन तेव्हा दहाच महिने झाले होते. १ मे १९९९ ला आम्ही परभणीचे हिंगोलीचे झालो. शाळेच्या कागदावरचं जिल्ह्याचं नाव बदललं, अण्णांच्या कचेरीतल्या खेटा परभणीऐवजी हिंगोलीला सुरू झाल्या. गावाला जिल्ह्याचा फरक पडला तो एवढाच. आमच्या घरात फरक पडला तो यात्रेतून आणलेल्या त्या खोक्यानं.

खोका दादानं घेतला. दादा नववीत, मी सहावीत. दिवाळीच्या सुट्टीत आणि नंतर दर रविवारी त्यानं दुसऱ्याच्या रानात कापूस वेचला होता. किलोला रुपया-सव्वा रुपया मिळायचा. ते पैसे त्यानं मायजवळ ठेवले होते. नागनाथाचं दर्शन झालं, उपासाची रताळी खाल्ली, आणि खेळण्याच्या एका दुकानापुढं तो थांबला तो हललाच नाही. दुकानदार सहाशे म्हणत होता, साडेचारशेला तुटलं. मायनं कपाळावर हात मारला, पण पदराची गाठ सोडली. पैसे त्याचेच होते.

खोक्यावर जपानी कंपनीचं नाव नव्हतं, पण आत जे होतं ते तिथलंच होतं. निन्टेन्डो कंपनीनं १९८३ च्या जुलैमध्ये जपानात फॅमिकॉम नावाचं यंत्र काढलं. अमेरिकेत ते १९८५ ला वेगळ्या रूपात गेलं. मग तैवान आणि चीनमध्ये त्याच्या नकला निघाल्या आणि त्या आपल्याकडं आल्या. मोठ्या शहरांतल्या पोरांकडं आमच्या आधीच मीडिया कंपनीचे डबे होते. आमच्यापर्यंत पोचेपर्यंत मूळ यंत्राला सतरा वर्षं होत आली होती. गंमत अशी, की ज्या दिवशी आम्ही औंढ्यात घासाघीस करीत होतो, नेमक्या त्याच दिवशी जपानात प्लेस्टेशन २ पहिल्यांदा विकायला आला. हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा कळलं असतं तरी काही बिघडलं नसतं. आम्हाला आमचा डबा जगातला शेवटचाच वाटत होता.

घरी चौदा इंची काळा-पांढरा टीव्ही होता. अँटेनाची वायर काढून तिथं गेमची वायर खुपसायची आणि बटन फिरवीत बसायचं. आधी नुसत्या मुंग्या, मग त्या मुंग्यांतून चित्र वर यायचं. कॅसेट पिवळी. तिच्यावर लिहिलेलं ‘९९९९९९ इन १’. मोजायला बसलो तर खरे खेळ दहा-बारा. बाकी तेच खेळ वेगळ्या नावानं, कुठं दुसऱ्या टप्प्यापासून तर कुठं पाचव्या. मारिओ, कॉन्ट्रा, टँक, बदकं मारायचा खेळ, मोटारसायकल. कॅसेट लागली नाही की काढून तिच्यात फुंकर मारायची. हे गावात कुणीच कुणाला शिकवलं नाही, तरी सगळे फुंकर मारायचे. पुढं कळलं, की जगभरची पोरं हेच करीत होती आणि फुंकरीचा उपयोग काही नव्हता. उलट तोंडातल्या ओलीनं पितळी दात गंजायचे. कॅसेट काढून पुन्हा नीट बसवली की चालायची, आणि श्रेय फुंकरीला जायचं.

दोन-चार दिवसांत आमची ओसरी भरली. कुणी चिंचा आणायचं, कुणी हरभऱ्याचा ढाळा. नियम एकच, मेला की रिमोट दुसऱ्याला. आजी भिंतीला टेकून मारिओ बघायची. एकदा म्हणाली, “ह्यो टोपीवाला सारखा पळायलाय, ह्याला जायाचं तरी कुठं?” राणीला सोडवायचीय म्हणून सांगितलं. पण किल्ला जिंकला की तिथं राणी नसायचीच. एक बुटका उभा राहून इंग्रजीत सांगायचा, की राणी दुसऱ्या किल्ल्यात आहे. असे सात किल्ले. अण्णांना अर्थ सांगितला तेव्हा ते पहिल्यांदा त्या खेळावर हसले. “कचेरीत बी असंच म्हन्तेत,” म्हणाले.

बदकांच्या खेळाला प्लास्टिकची बंदूक होती. नेम चुकला की गवतातून कुत्रं उठून हसायचं, आणि त्या कुत्र्याला गोळी घालावी असं वाटलं नाही असा एकही माणूस मला भेटलेला नाही. बंदुकीतून टीव्हीकडं काही जात नव्हतं. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा व्हायचा आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटायचा. बंदुकीच्या नळीतला डोळा तो उजेड हेरायचा. उजेड दिसला तर बदक पडलं. आम्हाला वाटायचं गोळी टीव्हीत शिरते.

टँकच्या खेळात आपल्या मनानं नकाशा मांडता यायचा. दादानं एका दुपारी आमचं गाव मांडलं. पाण्याच्या चौकटींची कयाधू, विटांची शाळा, झाडांचा मळा, आणि जो गरुड वाचवायचा असतो तिथं आमचं घर. एक तास लागला त्याला. मग लाईट गेली. आली तेव्हा गाव नव्हतं. त्या कॅसेटला काहीच ध्यानात ठेवता येत नव्हतं. मारिओ सातव्या किल्ल्यावर असो की पहिल्या, लाईट गेली की सगळं पहिल्यापासून. आणि लाईट तर रोज जायची. म्हणून आमच्या गावात कॉन्ट्रा कुणी पुरता केला, याचा पुरावा कुठंच नाही. ज्यानं पाहिलं त्यानं सांगायचं, बाकीच्यांनी खरं मानायचं.

कॉन्ट्रा हा आमचा खरा खेळ. कोनामी कंपनीनं १९८७ ला काढलेला, घरच्या यंत्रावर १९८८ ला आलेला. दोघांनी मिळून खेळायचा. त्यातला एक गडी निळ्या पँटचा, दुसरा लाल पँटचा. पण आमचा टीव्ही काळा-पांढरा. दोघंही सारखेच दिसायचे. “दादा, मव्हा मानूस कोन्ता?” हे मी एका डावात दहादा विचारायचो. एक मेला की कोण मेला यावरून भांडण.

दोन रिमोट होते. पहिल्याला स्टार्ट आणि सिलेक्टची बटनं, दुसऱ्याला ती नाहीत. मूळ जपानी यंत्राचंही तसंच होतं. खेळ सुरू कधी करायचा, थांबवायचा कधी, हे पहिल्या रिमोटवाल्याच्या हातात. तो दादाचा. दुसरा माझा. मी त्यावरून रडलोही आहे.

तीन जिवांत आम्ही फार लांब जात नव्हतो. त्या उन्हाळ्यात शेजाऱ्यांचा भाचा नांदेडहून सुट्टीला आला आणि वहीच्या कागदावर मंत्र देऊन गेला. वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए. सुरुवातीच्या चित्रावर एवढं दाबलं की तीस जीव. हा मंत्र काझुहिसा हाशिमोतो नावाच्या माणसाचा. १९८६ ला ग्रॅडियस नावाचा खेळ घरच्या यंत्रावर आणताना तपासायला त्याला स्वतःला तो खेळ झेपेना, म्हणून त्यानं आपल्यापुरती चोरवाट ठेवली, आणि ती खेळात तशीच राहून गेली. २०२० ला तो वारला तेव्हा जगभरच्या लोकांनी हीच अक्षरं लिहून त्याला निरोप दिला. आमच्याकडं तो कागद मायनं देव्हाऱ्याखाली ठेवला होता, कारण आम्ही तो रोज मागायचो.

तीस जीव असूनही तिसऱ्या टप्प्यावर आमचं अडायचं. तो धबधबा. जंगल डावीकडून उजवीकडं जातं, धबधबा खालून वर. दगडावरून दगडावर उड्या मारीत चढायचं. आणि तिथं एक वाईट गोष्ट आहे. ज्यांनी जोडीनं कॉन्ट्रा खेळलाय त्यांना ती सांगावी लागत नाही. एकजण वर गेला की पडदा त्याच्याबरोबर वर सरकतो. जो खाली राहिला, तो पडद्याबाहेर गेला की मरतो. गोळी लागत नाही, कुणी मारत नाही. सोबतचा वर गेला एवढंच. मी हाताचा चपळ होतो. भराभरा चढायचो. दादा खालून ओरडायचा, “थांब की जरा!” आणि मरायचा. त्याचे तीस जीव बहुतेक त्या धबधब्यातच गेले.

पुढच्या साली दादा दहावी पास झाला. त्याच उन्हाळ्यात बोअरचं पाणी गेलं आणि नवा बोअर कोरडा निघाला. कर्ज झालं. दोघांना शिकवणं होणार नव्हतं. घरात कुणी बैठक घेऊन ठरवलं नाही. जूनमध्ये दादा कॉलेजच्या फॉर्मला गेलाच नाही, औताला गेला. तीन वर्षांनी मी हिंगोलीला अकरावीला गेलो. खोली केली. डबा सकाळच्या एसटीनं यायचा, तो दादा फाट्यावर आणून कंडक्टरच्या हाती द्यायचा. हिंगोलीत मी पहिल्यांदा रुपया टाकून चालणारं मशीन पाहिलं. १९९३ चा कॅपकॉमचा खेळ, नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, पण सगळी पोरं त्याला ‘मुस्तफा’च म्हणायची. त्यात एक गडी मुस्तफा नावाचा होता म्हणून. त्या मशीनमध्ये मी जे रुपये टाकले ते कुणाचे होते हे मला ठाऊक होतं. तरी टाकले.

दादाकडं नंतर नोकिया ११०० आला. शेताची लाईट रात्रीची असायची, आणि मोटार चालू करायला त्या फोनची बॅटरी कामाची. फोनमध्ये सापाचा खेळ होता. तानेली आर्मांतो नावाच्या फिनलंडच्या माणसानं १९९७ च्या नोकियासाठी हा खेळ बसवला, आणि तिथून तो फोनाफोनांत आला. दारं धरून झाली की दादा बांधावर बसून तो साप खेळायचा, आणि मधूनच त्याच फोनचा उजेड पायाखाली मारायचा, खरा साप नाही ना बघायला.

मी पुण्यात नोकरीला लागलो. गेल्या शिमग्याला गावी गेलो तेव्हा माळ्यावर तो डबा सापडला. अडॅप्टर मेलेलं, कॅसेटचा पिवळा रंग उडालेला. दादा हळद शिजवायच्या घाईत होता. मी डबा पुसत बसलो आणि जे वीस-बावीस वर्षं विचारलं नव्हतं ते भलत्याच वाटेनं विचारलं. म्हटलं, “दादा, त्या धबधब्यात म्या थांबायला पाहिजे व्हतं.”

तो क्षणभर माझ्याकडं बघत राहिला. कुठला धबधबा, हे त्यानं विचारलं नाही.

“तुला आयकूच जायचं नाही,” म्हणाला. “टीव्हीचा आवाज लई ऱ्हायचा.”

आवाज मोठा नव्हता. आजी झोपलेली असायची म्हणून आम्ही तो नेहमी बारीक ठेवायचो. हे त्यालाही ठाऊक आहे.

ओसरीवर त्याचा पोरगा मोबाइलवर गोळीबाराचा खेळ खेळत होता. चौघं चार गावांतून एका गटात. दादानं वाकून पाहिलं.

“ह्याच्यात किती जीव अस्तेत रे?”

“एकच, बाबा. पन आपला गडी पडला तर जवळ जाऊन उचलता येतंय त्याला.”

“आसं?” दादा म्हणाला. “मंग बरंय.” आणि टोपलं उचलून हळदीकडं निघाला. मी डबा ओसरीवर ठेवला आणि दुसरं टोपलं घेऊन त्याच्या मागं गेलो.