राजधानी गेली तर?

२०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्या यादीत आपला पन्हाळा आहे. अकरा किल्ले महाराष्ट्रातले आणि बारावा जिंजी, थेट तामिळनाडूतला. ‘हा जिंजी मध्येच कुठून आला?’ असे मला ओळखीच्या दोघातिघांनी विचारले. त्याचे उत्तर कोल्हापूरकराला शोधायला लांब जावे लागत नाही. २६ सप्टेंबर १६८९ रोजी राजाराम महाराज पन्हाळ्यावरून वेषांतर करून निघाले ते जिंजीला जाण्यासाठी. त्या प्रवासातल्या थरारावर भरपूर लिहिले गेले आहे. मला कुतूहल वेगळ्या गोष्टीचे आहे. राज्य बुडण्याची वेळ आली तर काय करायचे, याचा विचार त्या राज्याने आधीपासून कितपत केला होता?

आधी परिस्थिती काय होती ते पाहू. विजापूर १६८६ मध्ये पडले, गोवळकोंडा १६८७ मध्ये. दोन्ही ठिकाणी एकच घडले. मुख्य कोट गेला, सुलतान हाती लागला आणि राज्य संपले. मराठ्यांचेही असेच होणार, असे औरंगजेबाला वाटले असल्यास त्यात नवल नाही. १६८९ च्या फेब्रुवारीत संभाजी महाराज पकडले गेले आणि ११ मार्चला त्यांची हत्या झाली. नोव्हेंबरात रायगड पडला, येसूबाई आणि बाळ शाहू मोगलांच्या कैदेत गेले. राजा मारला गेला, राजधानी गेली, वारस शत्रूच्या छावणीत. विजापूर-गोवळकोंड्याच्या हिशेबाने हे राज्य त्याच वर्षी संपायला हवे होते.

ते संपले नाही, यामागे पराक्रम होताच. पण मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या दुकानांच्या वह्या लिहीत आलो, त्यामुळे माझी नजर आधी जमाखर्चाकडे जाते. शिवकाळातला १६७१-७२ च्या सुमाराचा एक कागद प्रसिद्ध आहे. किल्ल्यांच्या बांधकामासाठी १,७५,००० होन काढून ठेवल्याची ती यादी आहे. रायगडाला त्यातले ५०,०००. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग, प्रतापगड, पुरंदर, राजगड यांना प्रत्येकी १०,०००. पुढे पाच-पाच हजारांचे, अगदी हजार-हजारांचेही किल्ले आहेत. राज्याभिषेकाआधी दोन-तीन वर्षे, नवी राजधानी उभी राहत असताना, तिच्या वाट्याला एक तृतीयांशाहूनही कमी रक्कम येते. बाकीची डोंगरोडोंगरी वाटली आहे. सगळा माल एकाच वखारीत ठेवू नये हे कोणताही व्यापारी जाणतो. या राज्याने ते किल्ल्यांच्या बाबतीत पाळले.

जिंजी हा त्याच विचाराचा लांबचा टप्पा. १६७७ मध्ये दक्षिण दिग्विजयात तो शिवाजी महाराजांनी घेतला आणि जुने तट राखण्यावर न थांबता नवी तटबंदी, खंदक आणि बुरूज उभे केले. त्या मुलखातल्या जेझुइट पाद्र्यांच्या पत्रव्यवहारात या बांधकामाचा उल्लेख आहे. पुढे संभाजी महाराजांच्या कारकिर्दीत मेहुणे हरजीराजे महाडिक तिथला कारभार पाहत होते. राजाराम महाराज पोहोचले तेव्हा हरजीराजे नुकतेच वारले होते, पण किल्ला, शिबंदी आणि वसुलाची घडी जागेवर होती. म्हणजे जिंजीला जाणे ही जीव वाचवण्यासाठी केलेली नुसती धावपळ नव्हती. त्या दुसऱ्या घराची डागडुजी बारा वर्षे चालू होती.

निर्णयाचा दुसरा भाग अधिक कठोर होता. सारे राजकुटुंब एका किल्ल्यात अडकू नये, राजारामांनी बाहेर पडावे आणि आपण मुलासह रायगडावर राहू, हा सल्ला येसूबाईंचा, असे बखरी सांगतात. त्याची किंमत त्यांनी आणि शाहूने पुढे मोगली कैदेत अनेक वर्षे मोजली.

तिसरा भाग कारभाराचा. राजा जिंजीत आणि मुलूख इकडे, मग प्रत्येक गोष्टीला हुकूम कुठून आणायचा? रामचंद्र नीलकंठ अमात्य यांना ‘हुकूमतपनाह’ हा किताब आणि जवळजवळ राजाइतके अधिकार देऊन मागे ठेवले गेले. त्यांच्या जोडीला परशुराम त्रिंबक आणि शंकराजी नारायण, फौजेला संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव. या कारभाराचे एक ठाणे विशाळगड. जिंजीला वेढा पडला तो १६९० मध्ये आणि किल्ला पडला १६९८ च्या सुरुवातीला. तोपर्यंत राजाराम महाराज तिथून निसटले होते. एवढी वर्षे मोगलांची मोठी फौज तिकडे गुंतून पडली आणि इकडे सह्याद्रीत मराठ्यांना हालचालीला जागा मिळाली.

पुढे बादशहा स्वतः पन्हाळ्याला आला. १७०१ च्या एप्रिलमध्ये इंग्लंडच्या राजाचा वकील सर विल्यम नॉरिस त्याला भेटला तो इथल्याच छावणीत. मे महिन्यात पन्हाळा गेला आणि पुढच्या वर्षी जूनमध्ये विशाळगडही. दोन्हीकडे किल्लेदारांनी रक्कम घेऊन किल्ला सोडला. शाळेत असताना मला याची लाज वाटायची. आता तसे वाटत नाही. परशुराम त्रिंबकांनी विशाळगड सहा महिने लढवला आणि ऐन पावसाच्या तोंडावर खाली केला. आषाढात आंबा घाटाच्या बाजूला गेलेल्या कुणालाही पुढचे सांगावे लागणार नाही. ओढे-नाले फुगले, तोफा आणि जनावरे चिखलात रुतली, आणि विशाळगडाहून पन्हाळ्यापर्यंतच्या थोड्याशा वाटेला बादशाही लष्कराला महिन्याहून अधिक काळ लागला. काही वर्षांत पन्हाळा परत आला आणि ताराबाईंनी तिथूनच राज्य चालवले.

हे सगळे ज्याने आतून पाहिले त्याने नंतर ते लिहूनही ठेवले, हे आपले भाग्य. १७१५ मध्ये, कोल्हापूरच्या गादीवर बसलेल्या सतरा वर्षांच्या संभाजीराजांच्या नावाने निघालेले ‘आज्ञापत्र’ रामचंद्रपंतांचे मानले जाते. शाळा-कॉलेजांत ते राजनीतीचा ग्रंथ म्हणून शिकवतात. त्यातले दुर्गप्रकरण मात्र मला पुढच्या संकटाची तयारी म्हणून लिहिलेल्या सूचनांसारखे वाटते. औरंगजेबाएवढा शत्रू येऊनही राज्य उरले ते किल्ल्यांमुळे, एवढे सांगून पंत थेट तपशिलात शिरतात.

सगळ्यात आधी पाणी. पाणी नसेल तर खडक फोडून तळी-टाकी करावीत, मगच किल्ला बांधावा. झरा आहे म्हणून निर्धास्त राहू नये, कारण लढाईत तोफांच्या आवाजाने झरे आटतात. यासाठी वेगळे साठे करावेत आणि ते एरवी खर्चू नयेत. तोफांनी झरे खरोखर आटतात का, हा भूगर्भशास्त्रज्ञांचा प्रश्न. पण हे वाक्य वेढ्यात बसलेल्या माणसाच्या अनुभवातून आलेले आहे, यात मला शंका नाही. गडाला एकच दरवाजा नसावा, चोरदिंड्या असाव्यात आणि नेहमीच्या दिवसांत त्या चिणून ठेवाव्यात. दारूखाना वस्तीपासून लांब असावा, दारू वेळोवेळी उन्हात वाळवावी. कोठारांना उंदीर, मुंग्या, वाळवी लागणार नाही अशी दगडी जमीन असावी. गडावर लागतील तेवढी झाडे लावावीत आणि एकही तोडू नये, कारण वेळेला तेच लाकूड कामी येईल. केरकचरा जाळून त्याची राख परसात टाकावी आणि घरोघर भाजीपाला पिकवावा. राज्याचा प्रधान पदरी आलेल्या राजाला केर कुठे टाकायचा ते सांगतो आहे! पन्हाळ्यावर तीन कोठारांचा अंबरखाना पाहताना आणि अंधारबावीच्या पायऱ्या उतरताना हा मजकूर आठवतो. या वास्तू पंतांच्या आधीच्या, पण विचार तोच.

माणसांवरही त्यांचा आंधळा भरवसा नाही. हवालदार तीन वर्षांनी बदलावा, सरनोबत चार, सबनीस आणि कारखानीस पाच वर्षांनी. एकाच्या हातात किल्ला जाऊ नये, आणि सगळे एकदम बदलून किल्ला नवख्यांच्या हातीही पडू नये, असा हा बेत.

मात्र एका ठिकाणी पंतांची लेखणी मला अडखळताना दिसते, ते वतनदारांच्या प्रकरणात. परचक्र येताच वतनाच्या आशेने हेच लोक आधी शत्रूला जाऊन मिळतात, घरचे भेद सांगतात, असे ते लिहितात. सेवकांना वंशपरंपरेने जमिनी देत गेल्यास राज्य झिजते, हेही बजावतात. पण १६८९ नंतरच्या काळात नेमके हेच करावे लागले होते. खजिना रिकामा, आणि मोगलही वतने देऊन सरदार फोडत होते. १६९१ मध्ये राजाराम महाराजांनी हणमंतराव घोरपड्यांना दिलेल्या पत्रात रायगड, विजापूर, भागानगर, औरंगाबाद आणि शेवटी दिल्ली काबीज केल्यावर टप्प्याटप्प्याने सरंजाम देण्याचे वचन आहे. स्वतःजवळ नसलेल्या मुलखाची ही वाटणी होती. ती केली नसती तर फौज उभी राहिली नसती, हे पंतांना ठाऊक होते, कारण मागचा कारभार त्यांचाच होता. मला तरी हे प्रकरण कबुलीजबाबासारखे वाटते. काही अभ्यासक या सवलतींना केवळ दुबळेपणा म्हणतात. ते मला अन्यायाचे वाटते. पण त्याची फळे वाईट निघाली, हेही खरे. जो तो सरदार आपला सरंजाम राखू लागला. सातारा आणि कोल्हापूर या दोन गाद्यांच्या भांडणात प्रत्येकाला पक्ष बदलण्याची सोय झाली आणि १७३१ मध्ये वारणेच्या तहाने राज्याचे दोन भाग कागदावरही पक्के झाले.

रामचंद्रपंतांची समाधी पन्हाळ्यावर आहे. त्यांच्या वंशजांकडे बावड्याची जहागीर राहिली, परशुराम त्रिंबकांच्या वंशजांकडे विशाळगडची. कोल्हापूर संस्थानच्या जहागीरदारांच्या यादीत ही दोन्ही नावे शेवटपर्यंत होती. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले.