आज्याची किंगरी

किंगरी उचलण्याआधी आजा गजावर राळ घासायचा, सावकाश. मग म्हणायचा, "आता आईक, पोरा."

आम्ही परधान, गोंडांच्या कथा गाणारे, मेश्रामांचे. केळापूर तालुक्यातलं गाव, पलीकडे पैनगंगा, नदीपार आदिलाबाद. आज्याला ती सीमा कधी कळलीच नाही. पौष अवस आली की नागोबाच्या जत्रेला, केसलापूरला पायी निघायचं.

त्याची आवडती गोष्ट हिरासुका पाटालीरची. गुहेत कोंडलेली पोरं, तोंडावर शिळा. आमचा हा मूळपुरुष बाहेर किंगरी वाजवतो, त्या सुरांनी आतल्या पोरांच्या अंगात बळ येतं, शिळा गडगडते आणि तिच्याखाली तोच चिरडला जातो. इथे आजा गज थांबवायचा.

गोऱ्या साहेबाची गोष्ट त्यानंतरची. "जोडेघाटात भीमाले मारलं, मंग निजामानं साहेब धाडला. मार्लवाईत कुडाच्या घरात राह्यला, बाईसंगं."

कॉलेजात असताना त्या साहेबाचं नाव वाचलं : क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ. जन्म व्हिएन्नाचा, 1909 चा. आधी नागांमध्ये काम, मग महायुद्ध पेटलं आणि शत्रुदेशाचा नागरिक म्हणून तो हैदराबाद संस्थानात अडकला. 1940 मध्ये गोंडांच्या उठावाचा पुढारी कुमराम भीम मारला गेल्यावर, गोंड का पेटले होते, हे शोधायचं काम सरकारनं त्याच्याकडे दिलं. जमिनीचे पट्टे मिळावेत म्हणून तो झटला. मार्लवाईला शाळा निघाली. गोंडीची पुस्तकं तिथे देवनागरीत छापली, हे वाचून मी त्या पानावर बोट ठेवून बसलो. पुढे तो लंडनला प्राध्यापक झाला.

राजगोंडांवरचं त्याचं पुस्तक 1948 चं. गोंडांच्या कुळांच्या शाखा : सात देवांचे, सहा देवांचे, पाच, चार. मी आज्याच्या मांडीवर ऐकलेलंच होतं सगळं. ते परधानांच्या तोंडून उतरवलेलं आहे. साहेबाचे कष्ट मोठे, पण विद्यापीठ आमच्या ओसरीवर होतं, हे मी ठामपणे म्हणतो.

म्हातारपणी तो परत आला, गोंडांच्या जमिनी परक्यांच्या हाती गेलेल्या पाहिल्या आणि 1982 च्या पुस्तकात ते लिहिलं. त्याची बायको, बेटी, 1987 मध्ये वारली. तिला मार्लवाईच्याच मातीत ठेवलं.

आजा गेला त्या पावसाळ्यात किंगरीचं कातडं सैल पडलं होतं. मी नवं चढवून घेतलं. पुतण्या शिकतोय. गुहेपर्यंत आलाय. शिळा अजून हलायचीय.