पपनसाच्या सालीची बिअर

बिअरच्या स्पर्धांमध्ये परीक्षक ज्या कागदावर मार्क देतात, त्यावर एकूण ५० मार्क असतात. वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडात कशी लागते (जड, पातळ, चुरचुरीत वगैरे) त्याला ५ आणि एकंदर मत म्हणून १०. हा बीजेसीपी नावाच्या अमेरिकन संस्थेचा तक्ता. ही संस्था १९८५ मध्ये सुरू झाली. परीक्षक व्हायला तिथे रीतसर परीक्षा द्यावी लागते. हो, लेखीसुद्धा! :)

या तक्त्याची गंमत अशी, की परीक्षकाला बिअर आवडली की नाही हा मुद्दा तिथे जवळजवळ शेवटी येतो. आधी बघायचं ते ही बिअर स्पेकप्रमाणे आहे का. आपल्याकडच्या टेस्टिंग टीमसारखंच. अमेरिकन पेल एल या प्रकाराचं स्पेक साधारण असं: रंग फिकट सोनेरी ते तांबूस, अल्कोहोल ४.५ ते ६.२ टक्के, कडवटपणा ३० ते ५० आयबीयू, आणि हॉप्सचा वास मध्यम ते चांगलाच जोरकस. हा वास कसला? लिंबूवर्गीय फळांचा, देवदाराचा, राळेचा. पुस्तकात ग्रेपफ्रूट लिहिलेलं असतं, पण ज्याने गणपतीच्या दिवसांत पपनस सोललंय त्याला ग्रेपफ्रूट शोधायची गरज नाही. गराचा नव्हे, सोलताना नाकात जातो तो सालीचा वास.

आता खरी गोष्ट. आज ज्या वासाला १२ पैकी १० मिळतात, त्याच वासाला शंभर वर्षांपूर्वी लंडनमधल्या एखाद्या जाणकाराने शून्य दिलं असतं.

त्यासाठी आधी हॉप्स समजून घेऊ. हॉप्स म्हणजे एका वेलीची हिरवी, कागदी पाकळ्यांची फुलं. त्यांच्या आत पिवळी चिकट भुकटी असते. माल्टच्या गोड पाण्यात ही फुलं तासभर उकळली की त्यातल्या आम्लांचं रूप बदलतं आणि कडवटपणा पाण्यात उतरतो. पण वासाची तेलं उडून जातात. वास हवा असेल तर हॉप्स शेवटी घालायचे, किंवा उकळणं, आंबवणं सगळं झाल्यावर थंड बिअरमध्ये नुसते भिजत ठेवायचे. यालाच ड्राय हॉपिंग म्हणतात. फोडणीतली मोहरी आणि वरून भुरभुरलेली कोथिंबीर यांत जो फरक, तोच. आयबीयू हा आकडा साधारण लिटरमागे किती मिलिग्रॅम कडू द्रव्य आहे ते सांगतो. वासाबद्दल तो काहीही सांगत नाही. त्यामुळे मेनूकार्डावरचा आयबीयू वाचून बिअर निवडणारे लोक मला जरा मेगापिक्सेल मोजून कॅमेरा घेणाऱ्यांसारखे वाटतात. असो.

इंग्लंडमधले बिअर बनवणारे अमेरिकन हॉप्स विकत घेत, पण ते कडवटपणासाठी आणि स्वस्त पडतात म्हणून. वास त्यांना नकोसा होता. एका युरोपीय बोराचा वास, किंवा स्पष्टच सांगायचं तर बोक्याचा वास, अशी त्याची संभावना व्हायची. अगदी खोटंही नव्हतं ते. काही हॉप्समध्ये गंधकयुक्त संयुगं असतात, लिटरमागे काही नॅनोग्रॅम असली तरी नाकाला कळतात. प्रमाण आणि सोबत बदलली की तीच कधी फळासारखी लागतात, कधी मांजरासारखी. म्हणजे नाक तेच, रेणू तेच, निकाल मात्र कुठल्या वासाला ‘उंची’ समजायचं याच्या संस्कारावर. आणि उंची वास म्हणजे जर्मन किंवा इंग्लिश हॉप्सचा, हे अमेरिकन ब्रुअरींनाही मान्यच होतं.

त्यात १९२० ते १९३३ अमेरिकेत दारूबंदी. बंदी उठल्यावर ज्या कंपन्या तगल्या त्यांनी एकच माल विकला: फिकट, हलकी, बर्फासारखी थंड लागर. कडवटपणा दशकागणिक उतरत गेला. १९७० च्या दशकाअखेरीस एवढ्या मोठ्या देशात शंभरही ब्रुअऱ्या उरल्या नव्हत्या.

याच काळात ओरेगन राज्यातल्या कॉर्व्हॅलिस गावी सरकारी कृषी खात्याचे शास्त्रज्ञ हॉप्सचे संकर करत बसले होते. १९५६ मध्ये केलेल्या एका संकराचं रोप तब्बल १६ वर्षांच्या चाचण्यांनंतर, १९७२ मध्ये बाजारात आलं. फगल नावाचा इंग्लिश हॉप आणि सेरेब्रियांका नावाचा रशियन हॉप त्याच्या पूर्वजांत. शेजारच्या डोंगररांगेवरून नाव ठेवलं कॅस्केड. मोठ्या कंपन्यांना जर्मनीतून येणाऱ्या महागड्या हॉप्सना पर्याय हवा होता, तिथेही वेलींवर रोग पडला होता. म्हणजे पपनसाचा वास मागितला होता कुणी? कुणीच नाही! जर्मन हॉपची जागा घ्यायला म्हणून आणलेल्या या पठ्ठ्याने जर्मनासारखं वागायला साफ नकार दिला.

त्या नकाराचं सोनं केलं ते तिघांनी.

पहिला फ्रिट्झ मेटॅग. वॉशिंग मशीनवाल्या मेटॅग घराण्यातला. १९६५ मध्ये त्याने सॅन फ्रान्सिस्कोची बुडत चाललेली अँकर ब्रुअरी घेतली. १९७५ मध्ये, स्वातंत्र्ययुद्धातल्या पॉल रिव्हिअरच्या घोडदौडीला २०० वर्षं झाली म्हणून त्याने लिबर्टी एल काढली. पद्धत इंग्लंडची, ड्राय हॉपिंगची, पण हॉप कॅस्केड. दुसरा जॅक मॅकऑलिफ. हा नौदलातर्फे स्कॉटलंडमध्ये होता, तिथल्या एलची चटक लागली. १९७६ मध्ये त्याने सोनोमात डेअरीची जुनी भांडी आणि सरबताचे पिंप जोडून न्यू अल्बियन नावाची ब्रुअरी उभी केली. धंदा म्हणून ती १९८२ मध्ये बंद पडली, पण तोवर ती पाहायला बरेच लोक येऊन गेले होते.

त्यांतला एक केन ग्रॉसमन. चिको गावात घरगुती बिअरचं सामान विकणारा. इथे कायद्याचंही सांगायला हवं. दारूबंदी उठली तरी घरी बिअर बनवणं बेकायदाच राहिलं होतं. १९७८ मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी सही केली आणि प्रौढ माणशी वर्षाला १०० गॅलनची मुभा मिळाली. ग्रॉसमन आणि पॉल कमूसी यांनी भंगारातल्या डेअरीच्या टाक्या जमवून सिएरा नेवाडा सुरू केली आणि नोव्हेंबर १९८० मध्ये पहिली बिअर बनवली. पेल एलचे पहिले घाण मात्र त्यांनी एकामागून एक ओतून दिले. बिअर वाईट होती म्हणून नव्हे, दर वेळी एकसारखी येत नव्हती म्हणून! खिशात पैसे नसताना विकण्याजोगा माल गटारात सोडायचा, याला काळीज लागतं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सगळ्यात मोठा क्षण हाच. चांगली बिअर एकदा जमणं हा छंद. तीच बिअर शंभराव्यांदा तशीच आली की मगच कुणी तिच्यावरून स्पेक लिहू शकतो. आणि झालंही तेच. ५.६ टक्के, ३८ आयबीयू, कॅस्केड. आज पेल एलच्या स्पेकखाली नमुना म्हणून जी नावं येतात त्यात ही असतेच.

मग घोट कसा घ्यायचा? बाटलीतून नाही, ग्लासात ओतून. आणि फार थंड नको, गोठलेल्या नाकाला काही कळत नाही. फेस खाली बसायच्या आत वास घ्या, कारण पपनस आधी उडतं. घोटात पहिल्यांदा माल्ट यायला हवा, भाजलेल्या पावाच्या कडेसारखा. मग कडू, आणि तो कडू कसा? मेथीसारखा स्वच्छ, येऊन जाणारा. कारल्याच्या बियांसारखा जिभेला धरून बसला तर मार्क कापा. लोण्याचा वास आला तर आंबवण्यात घाई झालीय. ओल्या पुठ्ठ्याचा आला तर बिअर शिळी आहे. हिरव्या बाटलीत उन्हात राहिली असेल तर स्कंकचा वास येतो, तो तर तुम्हाला मुद्दाम शोधावा लागणार नाही.

शिळेपणाचा मुद्दा आपल्यासाठी महत्त्वाचा. पेल एल म्हटलं की एकोणिसाव्या शतकात लंडनहून मुंबई-कलकत्त्याला जहाजातून आलेली पिंपं आठवतात. ती महिनोन्‌महिने मुरावी अशीच बनवलेली असत. अमेरिकन पेल एल नेमकी उलटी. तिचा जीव वासात, आणि वास काही महिन्यांत मरतो, उष्णतेत आणखी लवकर. म्हणून दुकानाच्या कपाटातल्या परदेशी बाटलीपेक्षा टाकीतून थेट ग्लासात येणारी गावातली एल मी केव्हाही घेईन. पुण्यात २००९ मध्ये सुरू झालेल्या ‘डूलाली’पासून ती सोय आपल्याकडेही आहे. (डूलाली म्हणजे इंग्रजीत डोकं फिरलेला. आणि तो शब्द आला आपल्या नाशिकजवळच्या देवळालीवरून, तिथल्या लष्करी छावणीत कंटाळलेल्या गोऱ्या सोल्जरांमुळे!)

अँकर ब्रुअरी २०२३ मध्ये बंद पडली, २०२४ मध्ये एका दही-उद्योगपतीने ती विकत घेतली. दरम्यान स्पेकमध्ये नवे प्रकार आलेत: गढूळ, ज्यूससारख्या, आंबा-पेरूच्या वासाच्या आयपीए. त्या पिऊन तयार झालेल्या पंचविशीतल्या मित्राला कॅस्केडची एल दिली तर तो म्हणतो, “ठीक आहे रे, पण जरा जुन्या स्टाईलची वाटते.”