लहान मुले असलेल्या कुटुंबाने बडोद्यात नवी वस्ती कशी निवडावी

दांडिया बाजार, बाबाजीपुरा, रावपुरा, वाडी या भागांतल्या आपल्या अनेक घरांत आता आजी-आजोबाच राहतात. मुलगा-सून वासणा-भायली, वाघोडिया रोड किंवा समा-वेमालीकडे फ्लॅट नाहीतर टेनामेंट पाहत असतात आणि मंडळात भेटले की विचारतात, "काका, कुठे घ्यावे?" आमच्यापैकी काही जणांची नोकरी बँकेत कर्जाच्या फायली तपासण्यात गेली. त्या अनुभवातून आणि सभासदांनी सांगितलेल्या गोष्टींतून ही माहिती एकत्र केली आहे.

सर्वांत आधी पाणी पाहावे. विश्वामित्री पावागडाकडून येऊन शहराच्या मधून वाहते, आणि आजवा सरोवराचे जादा पाणीही तिच्यातच येते. ३१ जुलै २०१९ रोजी एका दिवसात सुमारे २० इंच पाऊस पडला. ऑगस्ट २०२४ च्या पुरात काळाघोडा पुलापाशी पाणी ३७ फुटांच्या आसपास चढले. तेथे धोक्याची पातळी २६ फूट धरतात. समा, फतेगंज, अकोटा, मुजमहुडा, वडसर, कलाली या भागांत लोक घरातच अडकले, दूध मिळेना, वीज नाही. मगरी सोसायट्यांत शिरल्या, त्याचे व्हिडिओ परदेशातल्या नातेवाइकांनी आम्हालाच पाठवले! २०२५ मध्ये नदीचे पात्र रुंद व खोल करण्याचे मोठे काम झाले आहे. तरी तेवढ्या भरवशावर नदीकाठी तळमजला घेऊ नये, असे आमचे मत आहे.

नदीपासून लांब असलो म्हणजे सुटलो असेही नाही. भूखी, रूपारेल, मसिया अशा पावसाळी पाण्याच्या कांसी शहरभर आहेत, आणि नव्या वस्त्यांत त्या अर्ध्या बुजलेल्या किंवा वळवलेल्या असतात. बिल्डरला विचारून उपयोग नाही. शेजारच्या जुन्या सोसायटीचा चौकीदार, दूधवाला, कोपऱ्यावरचा किराणावाला यांना विचारावे: २०१९ ला पाणी कुठवर होते आणि २०२४ ला कुठवर? कंपाउंडच्या भिंतीवरच्या खुणा पाहाव्यात. विजेचे मीटर, लिफ्टची मोटर आणि पाण्याचा पंप तळघरात असतील, तर पाचव्या मजल्यावरचे कुटुंबही पुरात अंधारात आणि बिनपाण्याचे राहते. तान्हे मूल असेल तर याचा अर्थ काय होतो, हे ज्यांनी ते दिवस काढले त्यांना सांगायला नको.

दुसरी गोष्ट नकाशावर चटकन लक्षात येत नाही. वासणा, भायली, गोत्री, सेवासी हा सगळा पश्चिमेचा पट्टा. तिथून जुन्या शहरात यायचे तर रेल्वेही ओलांडायची आणि नदीही. रोजचा आधार अकोटा-दांडिया बाजार पुलाचा. पुरात पूल बंद झाले तेव्हा आई-वडील एका काठावर आणि नातवंडे दुसऱ्या काठावर, अशी आपल्याकडच्या कित्येक घरांची स्थिती झाली. एरवीही, सूनबाईंनी नोकरी करायची आणि मुलांना आजीकडे ठेवायचे असा बेत असेल, तर संध्याकाळी सहा वाजता तो पूल स्वतः दुचाकीवरून पार करून पाहावा. रविवारी सकाळी गाडीतून लागलेला वेळ धरू नये.

या हिशेबाने वाघोडिया रोड, सोमा तलाव, आजवा रोड हा पूर्वेचा पट्टा आम्हाला वाटतो त्यापेक्षा कमी विचारात घेतला जातो. इथून मांडवी गाठायला नदी आड येत नाही, आणि टेनामेंट अजून मिळतात. मात्र राष्ट्रीय महामार्गाच्या पलीकडचे घर असेल तर शाळेसाठी रोज महामार्ग ओलांडावा लागेल. ते आम्ही लहान मुलांच्या आईबापांना सुचवणार नाही. मांजलपूर, तरसाली आता जुन्याच वस्त्या झाल्या, तिथे सोयी तयार आहेत. उंडेरा, करोडियाकडे जाणाऱ्यांनी कोयली रिफायनरी किती जवळ आहे ते पाहून, रात्री तिथे थांबून, वास घेऊन ठरवावे.

"इथे बाग होणार, इथे २४ मीटरचा रस्ता होणार" हे वाक्य प्रत्येक नव्या वस्तीत ऐकू येते. १९७६ च्या गुजरात नगररचना कायद्याखाली टी.पी. स्कीम होते, त्यात मालकाच्या जमिनीचा काही भाग रस्ते, बागा, शाळा यांसाठी जातो आणि उरलेला फायनल प्लॉट म्हणून त्याला मिळतो. कागदावरचा रस्ता प्रत्यक्षात यायला कित्येक वर्षे जाऊ शकतात. आमच्यातल्याच एका कुटुंबाने अशा "होणाऱ्या" रस्त्यावर घर घेतले. पहिल्याच पावसाळ्यात शाळेच्या रिक्षावाल्याने चिखलात यायला नकार दिला, आणि आजोबा दोन महिने नातीला खांद्यावर घेऊन नाक्यापर्यंत जात राहिले. जे आज आहे त्याचेच पैसे द्यावेत. २०२० मध्ये भायली, सेवासी, बिल, वेमाली, उंडेरा, करोडिया, वडदला ही गावे महापालिकेत आली, पण हद्दीत येणे वेगळे आणि नळ येणे वेगळे. महापालिकेची लाइन जोडलेली आहे की बोअरवर भागवतात, ड्रेनेज आहे की खड्डा, हे राहणाऱ्यांकडूनच कळते.

कागदांचे थोडक्यात. प्रकल्प ५०० चौरस मीटरहून मोठ्या जमिनीवर किंवा ८ हून अधिक घरांचा असेल तर गुजरेराची नोंदणी लागते. ती संकेतस्थळावर तपासावी. बिनखेती हुकूम, रजाचिठ्ठी, तयार घर असेल तर बी.यू. परमिशन आणि वेरा पावती पाहावी. शहराच्या बऱ्याच भागांना अशांत धारा लागू आहे. तिथे दस्तावेजाआधी कलेक्टरची मंजुरी लागते. बानाखतावर सही करण्यापूर्वी वकिलाला फी द्यावी, ओळखीत फुकट विचारू नये.

आता पैसे. गुजरातेत मुद्रांक शुल्क ४.९ टक्के आणि नोंदणी फी १ टक्का आहे. खरेदीदार फक्त महिला असेल तर ही नोंदणी फी माफ असते. बँक ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, त्यापुढे ७५ लाखांपर्यंत ८० टक्के देऊ शकते, आणि त्या किमतीत मुद्रांक शुल्क सहसा धरत नाही. म्हणजे हाताशी रोख लागतेच. लांबचे घर ५ लाखांनी स्वस्त मिळाले, तर ८.५ टक्के दराने २० वर्षांच्या कर्जात हप्ता सुमारे ४,३४० रुपयांनी कमी होतो. दोन मुलांची शाळेची रिक्षा, दुसऱ्या दुचाकीचे पेट्रोल आणि पाळणाघर यांची बेरीज एकदा या आकड्याशेजारी लिहून पाहावी. आम्ही ती कित्येकांना लिहून दाखवली आहे. बहुतेक वेळा स्वस्त घर महाग निघते.

शाळेबद्दल एवढेच, की पहिलीच्या प्रवेशाला १ जून रोजी ६ वर्षे पूर्ण लागतात, आणि २०२३ च्या कायद्याने पहिली ते आठवी गुजराती सक्तीची आहे. इंग्रजी माध्यमात घातलेल्या मुलाला इंग्रजी, गुजराती, हिंदी शाळेत मिळेल. मराठी त्या वेळापत्रकात नसते. ती आजीच्या घरी, शेजारच्या मराठी मुलांबरोबर खेळताना, गणपतीच्या दहा दिवसांत येते. याच सयाजीरावांच्या बडोद्यात १९०६ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले आणि आपल्या पणज्यांनी मराठी शाळेत अक्षरे गिरवली. आजची चार वर्षांची नात "आजी, पाणी आप" म्हणते. आम्हाला त्यात हसू येते आणि थोडे वाईटही वाटते. म्हणून सोसायटी पाहताना नावांच्या पाट्याही वाचाव्यात. दोन-तीन मराठी घरे असली तरी पुरते.

एवढे करूनही मन ठरत नसेल तर त्याच वस्तीत आधी अकरा महिने भाड्याने राहावे. करार जूनपासून करावा, म्हणजे शाळेचे पहिले सत्र आणि पावसाळा दोन्ही त्यात येतात.