मालकी हक्क शोध अहवाल

मालकी हक्क शोध अहवाल (प्रचलित नावे: सर्च रिपोर्ट, टायटल रिपोर्ट) म्हणजे स्थावर मालमत्तेच्या खरेदीपूर्वी तिची मालकी व तिच्यावरील बोजे तपासून वकिलाने दिलेला लेखी अभिप्राय होय. इंग्लंड व वेल्समध्ये हे काम सॉलिसिटर किंवा परवानाधारक कन्व्हेयन्सर करतात. भारतात ते वकिलांकडे असते. गृहकर्ज देताना बँकाही असा अहवाल घेतात.

गरज

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५४ नुसार १०० रुपये व त्याहून अधिक मूल्याच्या स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. मात्र नोंदणी दस्ताची होते. तिच्यामुळे मालकीची शासकीय हमी मिळत नाही. विक्रेत्याकडे मुळात नसलेला हक्क नोंदणीकृत खरेदीखतानेही सामान्यतः खरेदीदारास प्राप्त होत नाही. सातबारा उतारा हा महसुली अभिलेख आहे. त्यातील नोंदी विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खऱ्या मानल्या जातात, परंतु तो मालकीचा निर्णायक पुरावा नव्हे.

पद्धत

महाराष्ट्रात सामान्यतः मागील ३० वर्षांचा शोध घेतला जातो. मुदत अधिनियम, १९६३ नुसार गहाण मालमत्ता सोडवून घेण्याच्या दाव्याची मुदतही ३० वर्षे आहे. नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम ५७ नुसार शुल्क भरून कोणासही दुय्यम निबंधक कार्यालयातील सूची क्रमांक २ (इंडेक्स टू) पाहता येते. तिच्या आधारे पुढील बाबी तपासतात:

* पूर्वीच्या खरेदीखतांची साखळी अखंड आहे का;
* सातबारा, फेरफार किंवा शहरी भागात मिळकत पत्रिकेवर सर्व वारसांची नावे आहेत का;
* 'इतर हक्क' रकान्यात कर्ज किंवा कुळाची नोंद आहे का;
* जमीन भोगवटादार वर्ग २ ची असल्यास हस्तांतरणास सक्षम अधिकाऱ्याची परवानगी आहे का;
* मूळ दस्त विक्रेत्याच्या ताब्यात आहेत का, कारण हक्कलेख ठेवूनही गहाण करता येते.

यानंतर वृत्तपत्रांत जाहीर नोटीस देऊन ठरावीक मुदतीत हरकती मागवल्या जातात.

मर्यादा

नोंदणी न केलेले मृत्युपत्र किंवा तोंडी कौटुंबिक वाटप निबंधकाच्या सूचीत दिसत नाही. त्यामुळे अहवाल हा उपलब्ध अभिलेखांवर आधारित अभिप्राय असतो, हमी नव्हे. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ च्या कलम १८ नुसार प्रकल्पाच्या जमिनीच्या सदोष मालकीमुळे झालेल्या नुकसानीची भरपाई प्रवर्तकाने द्यावयाची असते आणि या दाव्यास मुदतीची अडचण येत नाही. जुन्या घराच्या किंवा जमिनीच्या खाजगी विक्रीस हे संरक्षण लागू नसल्याने अशा व्यवहारांत विसार देण्यापूर्वीच शोध घेणे महत्त्वाचे ठरते.